कागद न मागणारा दवाखाना

बाई सात महिन्यांची गरोदर आहे. तीन महिन्यांच्या व्हिसावर बर्लिनला आली, त्याला आता चार वर्षं झाली. पहाटे ऑफिसं झाडते, दुपारी एका म्हाताऱ्या जोडप्याचा स्वयंपाक करते, रात्री तिघींच्या खोलीत चौथी गादी टाकते. दिवस गेल्याचं कळल्यापासून तिनं एकदाही डॉक्टर गाठलेला नाही. आठवडाभर पायांवर सूज आहे, डोकं ठणकतंय, परवा डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिच्या बसच्या वाटेवर शारिटे लागतं, युरोपातल्या नावाजलेल्या रुग्णालयांपैकी एक. ती तिथं उतरत नाही.

ही एकच एक बाई नाही. जर्मनीत कागदपत्रांविना राहणाऱ्या अनेकींच्या वाटा एकत्र करून मी तिला उभी केली आहे, म्हणून तिला नाव देत नाही. ज्या दवाखान्याची ही हकीकत आहे तिथंही नाव सांगायची सक्ती नसते. दवाखाना मात्र खरा आहे. बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फ भागात, आखेनर श्ट्रास या रस्त्यावर, माल्टेझर या कॅथलिक सेवासंस्थेनं तो २००१च्या फेब्रुवारीत उघडला. नाव ठेवलं ‘माल्टेझर मिग्रांटेन मेडित्सिन’. स्थलांतरितांसाठी माल्टेझरांची वैद्यकीय सेवा, असा साधा अर्थ. डॉक्टर मानधन न घेता येणारे, त्यांतले अनेक निवृत्त. खर्च देणग्यांतून.

प्रश्न असा की, जर्मनी म्हणजे सक्तीच्या आरोग्य विम्याचं माहेर. बिस्मार्कनं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला तो १८८३ साली, म्हणजे आपल्याकडे काँग्रेस स्थापन व्हायच्याही आधी. अशा देशाच्या राजधानीत, विसाव्या शतकानंतर, धर्मादाय दवाखाना नव्यानं उघडावा लागतो तो का? पैसा नाही म्हणून, हे उत्तर चुकीचं आहे. या बाईचा बाळंतपणाचा खर्च सरकारनं करावा अशी तरतूद कायद्यात आधीपासूनच आहे.

हक्क आहे, मागायची सोय नाही

ही गाठ समजून घेण्यासाठी थोडं मागं जावं लागतं. १९९२च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉक शहराच्या लिश्टेनहागेन वस्तीत जमावानं आश्रयार्थींच्या केंद्रावर आणि शेजारच्या व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीवर हल्ला केला, इमारत पेटवली, बघे टाळ्या वाजवत होते. त्यातून धडा काय घेतला गेला? त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोठ्या पक्षांनी मिळून आश्रयाचा हक्क आवळायचं ठरवलं, आणि १ नोव्हेंबर १९९३पासून आश्रयार्थींच्या मदतीचा वेगळा कायदा लागू झाला. या कायद्यानं आजारपणाची मदत तुटपुंजी केली: तीव्र आजार आणि वेदना असतील तरच उपचार, बाकी काही मिळालंच तर अधिकाऱ्याच्या मर्जीनं. दात ठणकत असेल तर इलाज होतो, कवळी मात्र ‘थांबता येण्याजोगी’. अपवाद गरोदर बायकांचा. त्यांना तपासण्या, सुईण, औषधं, प्रसूती, सगळं मिळतं.

या कायद्याच्या लाभार्थींच्या यादीत ‘ज्यांनी देश सोडून जायला हवं’ असे लोकही आहेत. म्हणजे आपली सफाई कामगार बाईसुद्धा. कागदावर ती हक्कदार आहे.

पण हक्क वापरायला चिठ्ठी लागते. तिला तिथं ‘क्रांकेनशाइन’ म्हणतात, आजारपणाची चिठ्ठी. ती समाजकल्याण कचेरीत मिळते. आणि निवास कायद्याचं कलम ८७ सांगतं की, बेकायदा राहणाऱ्या माणसाची माहिती कामाच्या ओघात कळली तर सरकारी कचेरीनं ती परदेशी नागरिकांच्या खात्याला कळवलीच पाहिजे. डॉक्टरला गुप्ततेचं बंधन आहे, त्यानं तोंड उघडलं तर गुन्हा. त्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारणाऱ्या कारकुनाला मात्र तोंड न उघडणं हा नियमभंग.

२००९मध्ये या कलमाच्या अंमलबजावणीचे नियम आले. त्यांत एक पळवाट मान्य झाली: तातडीच्या उपचारात डॉक्टरची गुप्तता रुग्णालयाच्या बिल विभागाला आणि तिथून बिल जाणाऱ्या कचेरीलाही लागू. ठरवून घेतलेल्या उपचाराला ती नाही. सरळ मराठीत सांगायचं तर, बेशुद्ध होऊन आलात तर गुपित राहतं, चालत आलात तर नाही. गरोदरपण हा नेमका चालत येण्याचा मामला आहे. अडतीस-चाळीस आठवड्यांत दहा-बारा वेळा तपासून घ्यायचं, ते कशासाठी, तर बेशुद्ध होऊन यायची वेळ येऊ नये यासाठी.

त्याच नियमावलीनं आणखी एक भीती घालवली. तोपर्यंत कागद नसलेल्याला मदत करणं हा ‘बेकायदा राहण्यास साहाय्य’ असा गुन्हा ठरू शकतो का, याबद्दल स्वयंसेवक डॉक्टरांच्या मनात शंका होती. आपल्या पेशाचं किंवा सेवेचं काम करणारा डॉक्टर, सुईण, पाद्री हे त्या गुन्ह्याच्या कक्षेत येत नाहीत, असं आता लिहून मिळालं. म्हणजे २००१पासून आठ वर्षं हा दवाखाना थोडा धुक्यातच चालला होता.

दुसरीकडे २०११मध्ये शाळा आणि बालवाड्यांना कलम ८७मधून सूट मिळाली. कागद नसलेल्या मुलाला शाळेत घातलं तर मुख्याध्यापकानं कळवायचं नाही. आरोग्याला ही सूट मिळाली नाही. संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात मात्र, २००१पासूनच, लैंगिक संसर्गाच्या आजारांची तपासणी सरकारी आरोग्य कचेरीत नाव न सांगता करता येते. मला या सगळ्या जंजाळातली ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. नाव न विचारता उपचार करणं सरकारला जमत नाही असं मुळीच नाही. तुझा आजार मला लागू शकतो म्हटल्यावर ते लगेच जमतं. सुजलेले पाय कुणाला लागत नाहीत.

अशी किती माणसं असतील? २०१४साठीचा अभ्यासकांचा अंदाज १ लाख ८० हजार ते ५ लाख २० हजार असा होता. दोन टोकांत जवळजवळ तिप्पट फरक. मोजायला गेलं की लपतात, आणि का लपतात ते वर आलंच.

आत गेल्यावर

एखादी ओळखीची सांगते, ‘तिथं जा, पोलीस नसतात.’ जाहिरात ही एवढीच, आणि ती कानोकानीच चालते. आपल्या बाईला कुणीतरी हाताला धरून आणलं असं धरू.

पहिल्या पाच मिनिटांत काय होतं ते डॉक्टरी दृष्टीनं अगदी साधं आहे. दंडावर पट्टा बांधून रक्तदाब. लघवीत कागदी पट्टी बुडवून प्रथिनं जातात का ते पाहणं. सूज, डोकेदुखी, काजवे या तिन्हींवरून कुणाही अनुभवी सुईणीच्या मनात एकच शंका येईल: गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, जो हाताबाहेर गेला तर झटके येतात आणि आई-बाळ दोघंही जाऊ शकतात. त्याची चाहूल लागायला ना सोनोग्राफी लागते ना प्रयोगशाळा. एक पट्टा, एक पट्टी, आणि समोर बसलेली बाई. यातली पहिली दोन जर्मनीत गल्लोगल्ली आहेत. अडलेलं होतं ते तिसरं.

म्हणून ‘फुकट दवाखाना’ हे वर्णन मला अपुरं वाटतं. पैसे हा इथला दुसरा अडसर होता, पहिला कागद. तो मागितला नाही, तिथंच निम्मं काम झालं. वारीत दिंडीबरोबर चालणारे डॉक्टर आठवा. पायाला फोड आलेल्या म्हातारीला कुणी गाव विचारत नाही, आधार कार्ड तर नाहीच. पाय पुढे कर म्हणतात. फरक इतकाच की वारीत नाव सांगितलं तरी काही बिघडत नाही. आखेनर श्ट्रासवर सांगितलं तर काय होईल या विचारानं रुग्ण सात महिने घरी बसलेला असतो.

स्थापनेपासून पुढे कितीतरी वर्षं डॉ. आडेलहाइड फ्रान्त्स यांनी हा दवाखाना चालवला. बर्लिनचा नमुना मग कोलोन, म्युनिक, हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्ट, हॅनोव्हर अशा आणखी शहरांत गेला. संस्था स्वतः आपलं काम मोजक्या शब्दांत सांगते: अचानक आलेला आजार, जखम किंवा गरोदरपण यांत पहिली तपासणी आणि तातडीचा उपचार. त्या यादीत गरोदरपण मुद्दाम वेगळं घातलेलं आहे, हे लक्षात घ्या.

निवृत्त डॉक्टरांची एक गंमत असते. त्यांना कमाईची घाई नसते आणि हातानं तपासायची सवय गेलेली नसते. पोट चाचपून बाळ कसं बसलंय ते सांगणारी पिढी. आपल्याकडच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांसारखी. याची दुसरी बाजू तितकीच खरी: स्वयंसेवकांच्या जोरावर चाललेला दवाखाना रोज सगळ्या विषयांचा नसतो. विशेषज्ञ त्याच्या दिवशी येतो, आणि लपून राहणाऱ्या माणसाला दोनदा शहर ओलांडून येणं परवडत नाही. तिकीट तपासनीस हासुद्धा त्याच्यासाठी धोकाच असतो. जर्मनीत कागद नसलेला माणूस बसमध्ये कधीही विनातिकीट बसत नाही, तो जगातला सर्वांत नियम पाळणारा प्रवासी.

जमीन नाही, पण पासपोर्ट आहे

माल्टेझर म्हणजे कोण? जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी अकराव्या शतकात सुरू झालेल्या एका रुग्णालयापासून ही कहाणी निघते. ते चालवणाऱ्या बंधूंच्या संघाला पोप दुसरे पास्काल यांनी १११३मध्ये मान्यता दिली. त्यांच्या जुन्या रिवाजात रुग्णांना ‘आमचे धनी’ म्हणत. नंतर हेच बंधू तलवारी घेऊन धर्मयुद्धांत उतरले, तो भाग सोयीस्करपणे गाळायचं कारण नाही. ब्रीदातही ‘श्रद्धेचं रक्षण’ आधी येतं आणि ‘गरिबांची सेवा’ मग. जेरुसलेम गेलं, रोड्स बेट गेलं, १५३०मध्ये माल्टा मिळालं, १७९८मध्ये नेपोलियननं तेही घेतलं. तेव्हापासून या संघाकडे भूमी नाही. मुख्यालय रोमला. तरीही शंभराहून अधिक देशांशी त्याचे राजनैतिक संबंध आहेत, संयुक्त राष्ट्रांत निरीक्षक म्हणून जागा आहे, आणि तो स्वतःचे मोजके पासपोर्टही देतो. देश नसलेली आणि तरी पासपोर्ट देणारी ही संस्था पासपोर्ट नसलेल्यांचा दवाखाना चालवते. नियतीलाही कधीकधी विनोद सुचतो.

जर्मनीतली त्यांची मदतसंस्था १९५३ची. पण बर्लिनच्या दवाखान्याशी थेट नातं सांगणारा प्रसंग १९८९चा आहे, आणि त्यातले निर्वासित जर्मनच होते.

त्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीतले हजारो लोक सुट्टीच्या नावाखाली हंगेरीत आले आणि परत जायला तयार होईनात. बुडापेस्टमधला पश्चिम जर्मनीचा दूतावास माणसांनी इतका भरला की १३ ऑगस्टला दारं बंद करावी लागली. दुसऱ्याच दिवशी झुगलिगेट या उपनगरातल्या चर्चच्या आवारात तंबू पडले. पाद्री इम्रे कोझ्मा आणि हंगेरीत माल्टेझरांचं काम उभं करणाऱ्या चिला फॉन ब्योझेलागर यांनी स्वयंसेवक जमवले. जेवण, अंथरूण, औषधपाणी. ११ सप्टेंबरला हंगेरीनं ऑस्ट्रियाची सीमा खुली केली. तरी नोव्हेंबरपर्यंत सुमारे ४८ हजार माणसं या छावण्यांतून गेली. ही माणसं त्यांच्या देशाच्या कायद्यानं गुन्हेगारच होती. परवानगीविना देश सोडणं हा तिथं गुन्हा होता. आज या प्रसंगाचा जर्मनीत गौरव होतो, भाषणं होतात. बारा वर्षांनी तीच संस्था तेच काम बर्लिनमध्ये करू लागली, तेव्हा गौरवाची भाषणं जरा कमी झाली. माणसं दुसरीकडची होती.

धर्मांतराचं काय?

हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच, आणि विचारावाच. मिशनचं हॉस्पिटल म्हटलं की आपल्याला मिरज आठवतं. वॅनलेस यांनी १८९४मध्ये उभं केलेल्या त्या रुग्णालयानं दक्षिण महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांची ऑपरेशनं केली. ते मिशन होतं आणि धर्मप्रसार हा त्याच्या हेतूंतला एक होता, हेही कुणी लपवलं नव्हतं.

बर्लिनच्या प्रकरणात मला याचं उत्तर कामाच्या रचनेतच दिसतं. धर्म द्यायचा तर माणसाचा पाठपुरावा करावा लागतो. नाव, पत्ता, पुढच्या रविवारचं आमंत्रण. ज्या दवाखान्याचं सगळं भांडवल ‘तुझा पत्ता आम्हाला नको’ या एका वाक्यात आहे, तो धर्म घेऊन कुणाच्या दारी जाणार? रुग्ण कोणत्याही धर्माचे असतात आणि उपचार धर्मावर अवलंबून नाहीत.

कॅथलिकपण दिसतं ते दुसरीकडे. समजा आपल्या बाईला मूल नको आहे आणि ती सातव्या नव्हे, दुसऱ्या महिन्यात आली आहे. जर्मनीत पहिल्या बारा आठवड्यांत, मान्यताप्राप्त केंद्रात समुपदेशन करून त्याचं प्रमाणपत्र घेतलं, तर गर्भपाताला शिक्षा होत नाही. ही प्रमाणपत्रं पूर्वी कॅथलिक समुपदेशन केंद्रंही देत. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आग्रहानं चर्चनं ती देणं बंद केलं. नाराज झालेल्या कॅथलिक सामान्यजनांनी १९९९मध्ये ‘डोनुम विटे’ नावाची वेगळी संस्था काढून ते काम चालू ठेवलं. म्हणजे मूल हवं असलेल्या बाईला आखेनर श्ट्रासवर जे मिळतं, ते नको असलेल्या बाईला मिळत नाही. तिला दुसरं दार शोधावं लागतं. ज्याच्यापुढे दारंच दोन-चार आहेत, त्याच्यासाठी यातलं एक बंद असणं ही किरकोळ बाब नाही. या दवाखान्याबद्दल आदर बाळगूनही मी हे प्रकरणात लिहून ठेवतो.

दुसरं दार

ते दुसरं दार क्रॉइत्सबर्ग भागात आहे. १९९६पासून तिथं ‘मेडीब्यूरो’ चालतं, डाव्या चळवळीतल्या तरुणांनी काढलेलं. ते स्वतः तपासत नाहीत. निनावी उपचार करायला तयार असलेल्या डॉक्टरांकडे पाठवतात. चर्चशी त्यांचा संबंध नाही. आणि त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: आमची गरजच पडू नये. हे काम सरकारचं आहे, ते आम्ही कायम करत राहिलो तर सरकारला बरंच वाटेल.

टोचणारं असलं तरी ते म्हणणं खरं आहे. धर्मादाय दवाखाना नीट चालला की कायद्यातलं भोक दिसेनासं होतं. मंत्र्याला सांगता येतं, बघा, सोय आहे की. या एका बाईपुरतं बोलायचं तर मला माल्टेझर हवेत, कारण रक्तदाब आज मोजायला हवा. कायद्याचं बोलायचं तर मेडीब्यूरोची कटकट हवी. मात्र चर्चवाले गप्प बसले असं म्हणणंही अन्यायाचं होईल. येशूसंघी पाद्री यॉर्ग आल्ट यांनी लाइपझिगमधल्या कागद नसलेल्या लोकांवर केलेला अभ्यास १९९९मध्ये आला. दवाखाना उघडला त्याच वर्षी, २००१च्या मे महिन्यात, जर्मन बिशपांनी या प्रश्नावर निवेदन काढलं. २००४मध्ये या विषयावरचं कॅथलिक व्यासपीठ स्थापन झालं. शाळांना मिळालेल्या सवलतीमागं या रेट्याचाही वाटा आहे.

पैशाच्या हिशेबानंही सरकारचं धोरण टिकत नाही. कायवान बोझोर्गमेहर आणि ऑलिव्हर राझुम या संशोधकांनी १९९४ ते २०१३ची सरकारी आकडेवारी तपासून २०१५मध्ये दाखवलं की, ज्या आश्रयार्थींना तुटपुंजे उपचार मिळत होते त्यांच्यावरचा दरडोई खर्च, पूर्ण उपचार मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. वेळेवर न तपासलेला रक्तदाब अतिदक्षता विभागात महाग पडतो, हे सांगायला खरं तर संशोधन लागू नये. तरीही तुटपुंज्या उपचारांची मुदत कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली: १५ महिने, मग २०१९पासून १८, आणि २०२४पासून ३६.

२०२१मध्ये आलेल्या आघाडी सरकारच्या करारात एक वाक्य होतं: कागद नसलेल्या लोकांची माहिती कळवण्याच्या सक्तीचा फेरविचार करू, म्हणजे आजारी माणसं उपचारांपासून दूर राहणार नाहीत. २०२४च्या नोव्हेंबरात ते सरकार कोसळलं. कलम ८७ होतं तिथंच राहिलं.

बर्लिन शहरानं मात्र वाट काढली. २०१८मध्ये विमा नसलेल्यांसाठी एक मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. पैसा शहराचा, चालवणारी ‘बर्लिनर श्टाटमिसिओन’ ही प्रोटेस्टंट संस्था. विमा मिळण्यासारखा असेल तर ते मिळवून देतात, नसेल तर खर्चाची हमी देणारी चिठ्ठी मिळते आणि ती निनावीही असू शकते. यात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं आलं: कर सरकारचा, आणि गुप्तता जपणारं टेबल चर्चचं.

पाटी का बदलली

मध्यंतरी दवाखान्याचं नाव बदललं. आद्याक्षरं तीच ठेवून ‘विमा नसलेल्या माणसांसाठी माल्टेझर वैद्यकीय सेवा’ असं झालं. कारण रांगेतली माणसं बदलली होती. २००४मध्ये पोलंड आणि २००७मध्ये रुमानिया, बल्गेरिया युरोपीय संघात आले. तिथल्या लोकांना जर्मनीत राहायला कागदाची अडचण उरली नाही. विमा मात्र नव्हता. २०१६च्या अखेरीस कायदा आणखी कडक झाला: नोकरी नसलेल्या अशा नागरिकांना पहिली पाच वर्षं सामाजिक मदत नाही, परत जाईपर्यंत जेमतेम महिनाभराची सोय. शिवाय हप्ते थकलेले छोटे धंदेवाले जर्मनही येऊ लागले. २०१९च्या सरकारी पाहणीत ६१ हजार लोक विम्याविना निघाले, आणि त्यात कागद नसलेले धरलेलेच नाहीत. ‘परक्यांसाठी’ म्हणून काढलेल्या दवाखान्यात शेजारचा श्मिट येऊन बसला.

आपल्याकडचे वाचक म्हणतील, आमच्या मुलांचा याच्याशी काय संबंध? २०२२-२३पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सर्वाधिक आहेत, त्यांत मराठी मुलंमुली भरपूर. प्रवेशासाठी विमा लागतोच, त्यामुळे बहुतेकांच्या खिशात कार्ड असतं. पण विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी विमा तिसाव्या वर्षी थांबतो. नोकरी करून मग एमएसला गेलेल्यांची गाठ खासगी विम्याशी पडते, आणि काही स्वस्त पॉलिसींत बाळंतपण आणि जुना आजार बसत नाही. ही मुलं कागद नसलेली नव्हेत आणि त्यांची तुलना आपल्या बाईशी करणं योग्यही नाही. तरी पॉलिसीतलं बारीक अक्षर निघण्यापूर्वी वाचावं, एवढं सांगून पुढे जातो.

बाईकडे परत

रक्तदाब वाढलेला निघाला तर दवाखान्याचं काम तिथं संपत नाही, आणि त्याच्या हातात फार उरतही नाही. तिथं खाटा नाहीत, शस्त्रक्रियेची खोली नाही. तिला रुग्णालयात पाठवावंच लागतं. तातडीचा मामला असल्यानं गुप्तता लागू होते, दाखल करून घेणंही बंधनकारक. बिलाचा प्रश्न नंतरचा, आणि तो कडू असतो: तातडीच्या उपचाराचे पैसे समाजकल्याण कचेरीकडून मिळवायचे तर रुग्ण खरोखर गरजू होता याचे पुरावे रुग्णालयाला गोळा करावे लागतात. नाव न सांगणाऱ्या माणसाची गरिबी सिद्ध कशी करायची? म्हणून काही रुग्णालयं दारातच अनामत मागतात. देणग्यांवर चालणारा दवाखाना साध्या बाळंतपणाचा भार उचलू शकतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत महिनाभर राहिलं, तर त्याचा हिशेब देणग्यांच्या डब्यात मावत नाही.

रक्तदाब आटोक्यात असेल तर आणखी एक वाट आहे, आणि या प्रकरणातला कौशल्याचा भाग तोच. आईच्या संरक्षणाचा कायदा प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे धरतो. काही राज्यं थोडी जास्त सवलत देतात. या काळात बाईला देशाबाहेर पाठवता येत नाही असं मानलं जातं. म्हणून तिला ‘डुल्डुंग’ मिळू शकते. ती राहण्याची परवानगी नव्हे. हाकलणं तूर्त थांबवलं आहे एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावर ती समाजकल्याण कचेरीत उघडपणे जाऊ शकते, चिठ्ठी घेऊ शकते, सुईण लावू शकते, रुग्णालयात स्वतःच्या नावानं बाळंत होऊ शकते. बाळाला जन्मदाखला मिळतो. बाळाचा बाप जर्मन असेल, किंवा पक्का निवासी असून ठरावीक वर्षं तिथं राहिलेला असेल, तर बाळ जर्मन नागरिक ठरतं आणि आईचं सगळं चित्र पालटतं.

बाप तसा नसेल तर? तर खात्याकडे आता तिचं नाव आहे, पत्ता आहे, तारीख आहे. चौदा आठवड्यांच्या उजेडासाठी नंतरचा अंधार पत्करायचा का, हा निर्णय तिचा. समोर बसलेल्या डॉक्टरनं आणि सल्लागारानं दोन्ही बाजू सांगायच्या आणि थांबायचं. भल्यासाठी म्हणून ढकलायचं नाही. मला विचाराल तर स्वयंसेवकाची खरी परीक्षा रक्तदाब मोजण्यात नाही, इथं आहे.

समजा तिनं उजेड निवडला आणि सगळं नीट पार पडलं. जर्मनीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक पिवळी वही मिळते. त्यात ठरलेल्या तपासण्यांची पानं असतात. तिसरी तपासणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तेव्हा आईची मुदत चालू असते, ती नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे जाते, चिठ्ठी दाखवते, वजन-उंची लिहून घेते. चौथी तपासणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तोवर मुदत संपलेली असते आणि खोली बदललेली. पिवळी वही पिशवीत घालून, बाळ पोटाशी बांधून, तिकीट नीट काढून ती आखेनर श्ट्रासची बस धरते.